अर्जदाराच्या पत्नीच्या सायकलची सीट इतरांनी न हलविण्याबाबत

प्रति,
मा. श्रीमती भागीरथीबाई निंबाळकर,
अध्यक्षा, सीमोल्लंघन सायकल फेरी समिती,
मराठी स्नेहवर्धिनी मंडळ,
शरावती निवास, तळमजला,
जयनगर, बेंगळुरू.

विषय : सौ. नीलिमा घैसास यांच्या सायकलची सीट वर-खाली, मागे-पुढे अथवा तिरकी करण्यास पतीव्यतिरिक्त अन्य सर्व सभासदांना मनाई करणेबाबत (व तदनंतर उद्भवलेल्या परिस्थितीबाबत).

संदर्भ : १) समितीचे दसरा फेरीचे सूचनापत्र, विशेषतः नियम सातवा.
२) अर्जदाराचा याच विषयावरील मागील अर्ज व त्यावर आपण दिलेला “बरं, ठेवा तिकडं” हा निर्णय.
३) सौ. नीलिमा घैसास यांचे लिफ्टमधील तोंडी निवेदन.

महोदया,

१. उपरोक्त विषयास अनुसरून, खाली सही करणारा अर्जदार पुरुषोत्तम श्रीधर घैसास, राहणार शरावती निवास, तिसरा मजला, सविनय कळवितो की, तो मूळचा पुण्याचा असून गेली कित्येक वर्षे बेंगळुरूत आहे. तरीही मंडळाच्या बैठकीत त्याची ओळख ‘ते नवीन आलेले’ अशीच करून दिली जाते. त्याबद्दल इथे तक्रार नाही. ती वेगळ्या अर्जात केली आहे. अर्जदार मारतहळ्ळीच्या एका कंपनीत, इतरांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून त्या लेखी कळविण्याच्या कामावर आहे. सबब प्रस्तुत अर्जाची लांबी हा त्याच्या व्यवसायाचा दोष समजावा, स्वभावाचा नव्हे.

२. अर्जदाराची पत्नी सौ. नीलिमा यांनी गुडघ्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यावरून या वर्षी सायकल घेतली. सल्ला अर्जदाराच्या गुडघ्यांनाही लागू होता, म्हणून त्यानेही घेतली. आपणास विदित आहेच की, मंडळाची फेरी दरवर्षी दसऱ्याच्या सकाळी आपल्याच फाटकातून निघते, आउटर रिंग रोड ओलांडते, आणि पलीकडच्या आंजनेयाच्या देवळात एकमेकांना सोने देऊन परत येते. सीमोल्लंघनाला गावाची वेस लागते. बेंगळुरूची वेस कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नसल्याने मंडळाने रिंग रोड हीच वेस मानली, हा निर्णय अर्जदारास मान्य आहे. फेरीचा रिवाज असा की, ती जोडीने करायची. नवरा-बायको शेजारी शेजारी, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. आजवर अर्जदार या फेरीच्या दिवशी फाटकाशी उभा राहून पाण्याच्या बाटल्या वाटत आला आहे आणि जोड्या जाताना बघत आला आहे. यंदा सौ. नीलिमांच्या शेजारून आपणही जावे, एवढीच त्याची इच्छा होती. अर्जातील पुढील सर्व मजकूर हा या एका इच्छेचा परिणाम आहे.

३. सायकलच्या सीटखाली दोन क्लँप असतात, हे सायकल घेण्यापूर्वी अर्जदारास कुणी सांगितले नव्हते. खालचा क्लँप सीटची दांडी सांगाड्यात आवळून धरतो आणि उंची ठरवितो. वरचा क्लँप सीटला दांडीवर धरतो आणि तिचे नाक वर की खाली, हे ठरवितो. खालचा ढिला राहिला तर बसणारा माणूस चालत्या सायकलवर हळूहळू बुटका होत जातो. फार आवळला तर बोल्ट कण्हतो. वरच्याची कथा याहून दुःखद आहे. त्याला बारीक दाते असतात. एक दाता पुढे केला की सीटचे नाक आभाळाकडे, एक मागे केला की जमिनीकडे. आपल्याला हवी असलेली जागा नेमकी दोन दात्यांच्या मधोमध असते, आणि तिथे कंपनीने काहीही ठेवलेले नाही. शिवाय बोल्ट आवळताना सीट स्वतःच्या मनाने किंचित फिरते; म्हणून आधी ती मुद्दाम चुकीची लावावी, म्हणजे आवळताना बरोबर येईल, असा अंदाज बांधावा लागतो. अर्जदाराने असा अंदाज बांधून लावली, की ती अजिबात फिरत नाही.

४. तथापि अर्जदाराने हे काम शास्त्रशुद्ध रीतीने हाती घेतले. सौ. नीलिमांना भिंतीला टेकून उभे करून त्यांच्या पायाची लांबी मोजली, इंटरनेटवर दिलेल्या अपूर्णांकाने ती गुणली, आणि मोबाइलमधली पाणसळ सीटवर ठेवून तिचा बुडबुडा बरोबर मधोमध आणण्यात श्रावण महिना खर्ची घातला. बुडबुडा मधोमध आला. सौ. नीलिमा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, “मी सारखी पुढे घसरतेय. हात भरून आले माझे.” अर्जदाराने त्यांना बुडबुडा दाखविला. त्या म्हणाल्या, “पुरू, सीट सरळ आहे रे, मान्य. पण मी सरळ नाहीये ना!” अर्जदाराने बुडबुडा पुन्हा दाखविला. त्यावर, “मग त्या बुडबुड्यालाच ने फेरीला,” असे बोलून त्या लिफ्टकडे गेल्या.

५. या ठिकाणी श्री. रघुपती मोहिते, पहिला मजला, यांचा संबंध येतो. ते आपले सख्खे भाचे आहेत, याची अर्जदारास पूर्ण जाणीव आहे. परंतु या इमारतीत न्याय तळमजल्यावरच मिळतो, वर अपील करावे तर गच्चीच आहे, म्हणून तो आपल्याकडेच मागत आहे. श्री. मोहिते यांचे चिकपेटेत साड्यांचे दुकान असून ते उशिरा उघडते. अर्जदाराच्या कंपनीची बस लवकर येते. सकाळच्या वेळी पार्किंगमध्ये कोण असते आणि कोण नसते, याचा अधिक तपशील देण्याची गरज नाही. आपली खिडकी त्याच बाजूला आहे.

६. गणपतीच्या सुमारास एके सकाळी अर्जदार ओळखपत्र विसरल्यामुळे फाटकातून परत आला, तेव्हा त्याने पुढील प्रकार प्रत्यक्ष पाहिला. श्री. मोहिते सौ. नीलिमांच्या सायकलपाशी उकिडवे बसले होते. एका हातात सीटचे नाक, दुसऱ्या हातात षट्कोनी पाना. “अक्का, स्वल्प बसा की वर. हां. आता सांगा, नाक वर घेऊ का खाली?” सौ. नीलिमा म्हणाल्या, “थोडं वर... अहो, एवढं नको!” “सरी, सरी, बरं. आता?” “आता मागे.” “मागं किती? बोट दाखवा.” सौ. नीलिमांनी बोट दाखविले. त्यांनी बोटाएवढी मागे घेतली, पाना फिरविला, आणि म्हणाले, “आता बघा.” सौ. नीलिमा बसल्या, आणि म्हणाल्या, “अय्या, हो!”

अर्जदार खांबामागे होता. त्याच्या संसारात हा ‘अय्या, हो’ बऱ्याच वर्षांत ऐकू आलेला नव्हता. शेवटचा, स्मरणाप्रमाणे, वॉशिंग मशीन आले तेव्हाचा आहे.

७. त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये सौ. नीलिमांनी निवेदन केले ते असे : “दोन मिनिटांत झालं, पुरू! रघुअण्णांनी काही मोजलंसुद्धा नाही. नुसतं मला विचारलं.” अर्जदाराने खाली जाऊन पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा पार एका कडेला जाऊन बसला होता. म्हणजे अर्जदाराची पत्नी वाकड्या सीटवर सुखी होती. सदर इसम यंत्रावर विश्वास न ठेवता थेट अर्जदाराच्या पत्नीवर विश्वास ठेवतो. ही पद्धत अशास्त्रीय असून ती इमारतीत पसरल्यास मोजमापाच्या साधनांना काही अर्थ उरणार नाही, हे आपणही मान्य कराल.

८. आपण म्हणाल, यात मत्सर आहे. आहे. अर्जदार तो नाकारीत नाही, फक्त त्याची नोंद व्हावी अशी त्याची इच्छा आहे. श्री. मोहिते हे अविवाहित आहेत. त्यांचे केस अजून आहेत. ते वॉचमनशी कन्नडमध्ये विनोद करतात आणि वॉचमन हसतो. अर्जदाराने तोच विनोद पाठ करून केला असता वॉचमनने फाटक उघडले. ते सौ. नीलिमांना ‘अक्का’ म्हणतात, आणि अक्का म्हणजे थोरली बहीण, हे आपण मागील अर्जाच्या वेळी अर्जदाराच्या निदर्शनास आणून दिलेत. परंतु महोदया, चिकपेटेत त्यांच्या गादीसमोर येणाऱ्या प्रत्येक बाईला ते अक्काच म्हणतात आणि तीही प्रत्येक बाई खूश होऊन साडी घेऊन जाते. सबब सदर संबोधन पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

९. त्यानंतर असे होऊ लागले की, अर्जदार संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर सीट पुन्हा शास्त्रशुद्ध करी आणि सकाळी श्री. मोहिते ती पुन्हा वाकडी करीत. सौ. नीलिमांची समजूत झाली की क्लँपच बाद आहे. श्री. मोहिते यांनी त्यावर एकदाही संशय व्यक्त केला नाही. ते फक्त म्हणत, “घैसास सर, तुमचा क्लँप भारी चेष्टेखोर आहे हो,” आणि हसत. ते हसणे कोणत्या प्रकारचे होते, याचा अर्जदाराने पुष्कळ विचार केला आहे. संदर्भ क्रमांक दोनचा अर्ज याच काळातला. तो आपण कुकरची शिट्टी होत असताना स्वीकारला व “बरं, ठेवा तिकडं” असे सांगितले. अर्जदाराने तो तिकडे ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर शेवयांचे पातेले दिसले.

१०. समितीकडून मनाई हुकूम निघत नाही, असे दिसल्यावर अर्जदाराने धर्माचा आधार घेतला. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, आपल्या इमारतीत गाड्या धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, फाटकाशी कोहळा फोडतात. परंतु हत्यारांकडे कुणी पाहत नाही, ही उणीव अर्जदाराच्या लक्षात आली. त्याने पुढाकार घेऊन सामूहिक हत्यारपूजा ठरविली आणि घरोघरी फिरून पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर व विशेषतः षट्कोनी पाने गोळा केले. श्री. मोहिते यांनी आपली संपूर्ण पिशवी हात जोडून दिली. “छान काम करताय, सर,” असेही म्हणाले. सर्व हत्यारे अर्जदाराच्या देवघरापुढे चौरंगावर मांडली, हळदकुंकू वाहिले. सौ. नीलिमांना भरून आले. “तू आणि पूजा!” असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः आरती केली. त्यांच्या माहेरचा दंडक असा की, पूजलेले हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचे नाही. अर्जदारास हा दंडक आधीपासून माहीत होता, हे इथे नमूद करणे त्यास गैरसोयीचे असले तरी आवश्यक आहे. पूजेला बसण्याआधी त्याने सीट बुडबुड्याप्रमाणे लावून क्लँप आवळला होता. आता फेरी होऊन जाईपर्यंत इमारतीत असा एकही पाना मोकळा नव्हता, जो त्या सीटला हात लावू शकेल. अर्जदार त्या दुपारी पुष्कळ दिवसांनी गाढ झोपला.

११. पूजेला बसण्याआधी त्याने आणखी एक गोष्ट केली होती. आयुधपूजेला वाहन लखलखले पाहिजे, म्हणून त्याने सौ. नीलिमांची सायकल खोबरेल तेलाने आपादमस्तक पुसून काढली. दांडी आतपर्यंत चमकावी, यासाठी ती बाहेर काढून पुसली, आणि परत बसवून क्लँप आवळला. तेल लावलेल्या दांडीवर क्लँप किती धरतो, ही माहिती इंटरनेटवर आहे. अर्जदाराने ती नंतर वाचली.

१२. दसऱ्याच्या सकाळचा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत घडला. तरी कागदोपत्री यावा म्हणून लिहीत आहे. सर्व जोड्या फाटकात उभ्या होत्या. सौ. नीलिमा गजरा माळून आल्या, सायकलवर बसल्या, आणि आपण शंख फुंकत असतानाच सर्वांसमक्ष सावकाश खाली जाऊ लागल्या. शंख संपेतो त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले होते. अर्जदाराने सीट वर ओढली. त्या पुन्हा बसल्या. पुन्हा खाली गेल्या. पलीकडच्या जोडीतली मैत्रेयी म्हणाली, “काकू, हे मुद्दाम आहे का? मस्त आहे!” अर्जदार जिना चढून देवघरापर्यंत धावला. चौरंगावर फुलांच्या खाली साठेक पाने होते. मागून सौ. नीलिमांनी फोनवर एवढेच विचारले, “पुरू, तू हत्यार उचलत नाहीयेस ना?” अर्जदार हात जोडून खाली परतला.

तेव्हा आपण नियम सातवा वाचून दाखविलात. जोडीतील एकाची सायकल नादुरुस्त ठरल्यास दुसऱ्याने जोडी नसलेल्या अन्य सभासदाच्या सोबतीने फेरी पूर्ण करावी. आणि जोडी नसलेला सभासद एकच होता. “मग झालं तर,” आपण म्हणालात, “घैसास आणि आमचा रघू. लावा जोडी!” टाळ्या झाल्या. कुणीतरी फोटो काढला. गेला महिनाभर आपली पत्नी ज्या माणसाच्या शेजारी दिसेल अशी अर्जदारास धास्ती होती, त्या माणसाच्या शेजारी नियमानुसार अर्जदार स्वतः उभा होता. हा नियम रद्द व्हावा, अशी पोटमागणी इथेच करून ठेवीत आहे.

१३. पुढचे अर्जदाराने कल्पिले नव्हते. श्री. मोहिते यांनी आपल्या सायकलच्या सीटखालची खिटी बोटाने उघडली. त्यांच्या क्लँपला पाना लागत नाही, हाताने उघडायची खिटी असते, आणि तिची पूजा करण्याचे अर्जदाराच्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी दांडीसकट आपली सीट उपसून काढली, तशीच खिटीची कडीही काढली, आणि सौ. नीलिमांच्या सायकलची निसटती सीट कडीसकट ओढून काढून त्या जागी दोन्ही लावली. बसली. अक्षरशः त्या सायकलसाठीच घडविल्यासारखी बसली. “अक्का, बसा. उंची सांगा.” सौ. नीलिमांनी सांगितली. खिटी बंद झाली. “आणि तुम्ही?” सौ. नीलिमांनी विचारले. “माझं काय हो, मी रोजच जातो. तुम्ही जोडीनं जा.”

एवढे बोलून ते फाटकाशी गेले, आणि तिथे टोपलीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहिले. त्या जागी उभे राहिले की जोड्या कशा दिसतात, हे या इमारतीत अर्जदाराइतके कुणासही ठाऊक नाही.

१४. फेरी झाली. अर्जदार सौ. नीलिमांच्या शेजारून गेला. त्याची इच्छा पूर्ण झाली, असे दप्तरी म्हणता येईल. सौ. नीलिमा संपूर्ण रस्ता बोलत होत्या. त्यांच्या बेळगावच्या मावशीने वयाच्या साठीत पोहायला शिकायचे घेतले आहे, हे अर्जदारास त्या दिवशी कळले. तसेच सौ. नीलिमांना स्वतःच्या ऑफिसातली ऋचा आवडत नाही, आणि स्वयंपाकघराचा पिवळा रंग पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. रिंग रोडच्या सिग्नलला थांबले असता त्या म्हणाल्या, “लक्षात आलं का तुझ्या? आज आपण सीटबद्दल एक शब्द बोललो नाही. किती महिन्यांनी!” आणि मग, हिरवा दिवा लागताना, “यंदा फेरीला मी तुझ्यासाठीच आले, येड्या. दर वर्षी बाटल्या घेऊन असा उभा असतोस ना, ते मला बघवत नाही.”

अर्जदाराने सीमोल्लंघन केले तेव्हा त्याला समोरचे नीट दिसत नव्हते. धूर होता.

देवळात त्याने सर्वांना आपट्याची पाने दिली, सौ. नीलिमांना दिले, त्यांनी दिले ते घेतले. पुजाऱ्यांना दिले, नारळवाल्यालाही दिले. एक पान खिशात उरले. परत आल्यावर श्री. मोहिते यांनी फाटकाशी बाटली पुढे केली. अर्जदार “थँक्यू” म्हणाला आणि पाणी प्याला. पान खिशातच राहिले.

१५. सांप्रत परिस्थिती पुढीलप्रमाणे आहे. श्री. मोहिते यांची सायकल दसऱ्यापासून पार्किंगमध्ये बिनसीटची उभी आहे. दांडीच्या भोकात पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर पूजेतले लिंबू ठेवले आहे. ते सीट मागत नाहीत. त्यांनी मागावी म्हणून अर्जदार रोज सकाळी बस चुकवून त्यांच्यासमोरून दोनदा जातो, ते “नमस्कार सर, सीट कशी आहे?” असे विचारतात आणि दुकानाला जातात. मागत नाहीत, हीच मुख्य तक्रार आहे. जो मागतो त्याच्यावर रागावता येते. सौ. नीलिमा दिवसातून एकदा तरी “रघुअण्णांचं मन किती मोठं,” असे म्हणतात. अर्जदाराने मनाचा आकार मोजण्याचे साधन शोधले, मिळाले नाही.

उत्तरपूजा झाल्याबरोबर अर्जदाराने सर्व हत्यारे घरोघरी परत केली आणि श्री. मोहिते यांची सीट उतरवून घरात ठेवून मूळची सीट बसविण्याचा निर्धार केला. दांडीचे तेल साबणाने काढले. पुन्हा सटकू नये म्हणून दोन्ही क्लँप आवळले, आणि वरचा असा, की सीट फिरली व बोल्टच्या षट्कोनाचे वाटोळे झाले. आता त्यात कोणताही पाना धरत नाही. तो पुढे जात नाही, मागे येत नाही. ही सीट आता बुडबुड्याप्रमाणेही नाही आणि सौ. नीलिमांप्रमाणेही नाही. अर्जदाराने काल पहिल्यांदाच स्वतः तीवर बसून पाहिले. सौ. नीलिमा खरे बोलत होत्या. पुढे घसरायला होते. हात भरून येतात.

१६. वरील सर्व कारणांस्तव आपणास नम्र विनंती की,

(अ) विषयात मागितलेला मनाई हुकूम तूर्त काढू नये. अर्जाचा विषय बदलता येत नाही, म्हणून तो वर तसाच राहिला आहे.

(आ) श्री. मोहिते यांनी आपली सीट परत मागावी, असा समितीने त्यांना आदेश द्यावा. शक्य असल्यास त्यांनी ती किंचित उर्मट आवाजात मागावी, म्हणजे अर्जदारास ती देणे सुलभ होईल.

(इ) क्लँप कसा लावावा, कुठे थांबावे, व आवळण्यापूर्वी काय विचारावे, याची शिकवणी श्री. मोहिते यांनी अर्जदारास येत्या रविवारी पार्किंगमध्ये द्यावी, असेही त्यांना फर्मावावे. अर्जदार स्वतः त्यांना हे विचारू शकत नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तोंडातून हवापाण्याचा विषय निघाला. आदेश वरून आल्यास त्यास खाली मान घालून उभे राहता येईल. सदर शिकवणी सौ. नीलिमा यांच्या ~~गैरहजेरीत~~ हजेरीत व्हावी. पहिला शब्द अर्जदाराने विचारान्ती खोडला आहे. त्या नसतील तर सीटवर बसून सांगणार कोण?

(ई) पुढील दसऱ्याला बाटल्या वाटण्याची पाळी आळीपाळीने लावावी. त्या जागी एकाच माणसाने दर वर्षी उभे राहणे योग्य नव्हे, मग तो कुणीही असो.

या अर्जावर निर्णय होईपर्यंत तो कृपया ओट्यापासून दूर ठेवावा.

आपला नम्र, आणि या अर्जाचे उत्तर तळमजल्यावरून पहिल्या मजल्यामार्गे तिसऱ्या मजल्यावर येण्याची वाट पाहणारा,

(सही)
पुरुषोत्तम श्रीधर घैसास

स्थळ : जयनगर, बेंगळुरू
दिनांक : आश्विन शुद्ध चतुर्दशी

सोबत :
१) वाटोळा झालेला बोल्ट, एक. (सीटखालीच अडकलेला असल्याने छायाचित्र जोडले आहे.)
२) पाणसळीचे छायाचित्र, बुडबुडा मधोमध. हा पुरावा अर्जदार मागे घेत आहे.
३) आपट्याचे पान, एक. श्री. रघुपती मोहिते यांना दसऱ्याला द्यावयाचे राहिले. खिशात राहून थोडे चुरगळले आहे. योग्य त्या मार्गाने पोहोचवावे. पोच नको, फक्त त्यांनी घेतले की नाही, तेवढे खिडकीतून सांगावे.